तीन जास्तीच्या कात्र्या

"माहीत नाही," बायको म्हणाली आणि घड्याळाचा पट्टा लावत राहिली.

तो ड्रॉवरमध्ये कोपरापर्यंत हात घालून उभा होता. हात तिथेच राहिला. एकोणीस वर्षांच्या संसारात हे दोन शब्द त्याने तिच्या तोंडून ऐकले नव्हते अशातला भाग नाही. वरच्या मजल्यावरचा माणूस रोज सकाळी काय ठोकतो, लोक लग्न का करतात, असल्या प्रश्नांना ती खुशाल माहीत नाही म्हणायची. पण घरातली वस्तू कुठे आहे या प्रश्नाला कधीच नाही. त्याचं उत्तर ती विचार न करता द्यायची, मान न वळवता, तोंडात केसांची पिन धरलेली असली तरी: डावीकडे, दुसऱ्या खणात, मागे. तो जायचा. डावीकडे, दुसऱ्या खणात, मागे ती वस्तू नसायची. मग ती यायची, आणि वस्तू असायची. हा संसाराचा क्रम होता आणि त्यात आपली जागा कोणती हे त्याला पाठ होतं. आज क्रम पहिल्याच टप्प्यावर मोडला. ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला टेकला की बसच्या ड्रायव्हरला जे वाटत असेल, ते त्याला वाटलं.

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही. कार्ड तूच ठेवलंस ना? नीट जागी ठेवतो म्हणालास."

"नीटच ठेवलंय."

"मग झालं तर. नीट आहे." तिने पर्स खांद्याला लावली. "मी तीनपर्यंत येते. साडेचारची वेळ आहे. तोवर शोध. सुट्टी काढलीयस ना?"

"सुट्टी डॉक्टरकडे जायला काढलीय."

"कार्डाशिवाय कुठला डॉक्टर?" ती म्हणाली, आणि दार तिच्यामागे नेहमीच्याच आवाजात बंद झालं.

डॉक्टर विसरण्याच्या आजाराचे होते. त्यांची वेळ मिळायला दोन महिने लागले होते, आणि कार्डाशिवाय आत सोडलं जाणार नाही असं त्या कार्डावरच छापलेलं होतं. हे कार्ड हरवलं. दुसऱ्या कुणाचं हरवलं असतं तर त्याने हा किस्सा आगारात तीन दिवस चहाबरोबर पुरवला असता. स्वतःचं हरवल्यावर त्यातला विनोद त्याला स्वच्छ दिसत होता, फक्त हसू कुठे ठेवलं ते सापडत नव्हतं.

तो बसच्या आगारात सुट्या भागांचा भांडारपाल होता. नऊ हजार सहाशे वस्तू, बेचाळीस मांडण्या, आणि प्रत्येक वस्तूच्या कप्प्याला एक कार्ड: किती आले, किती गेले, किती उरले. खिडकीशी मेकॅनिक येऊन नुसती बोटं दाखवायचा, एवढीशी स्प्रिंग, मागच्या दाराची, आणि हा न बघता हात मागे नेऊन ती स्प्रिंग त्याच्या तळव्यावर ठेवायचा. एकदा दिवे गेले तेव्हा फोरमनने पैज लावून त्याच्याकडून काळोखात सात वस्तू मागवल्या. सातही बरोबर निघाल्या. फोरमन म्हणाला, "तुमच्या घरी बरं असेल, वहिनींना काही शोधायलाच लागत नसेल." तो नुसता हसला. घरी चार खोल्या होत्या, आणि त्या चार खोल्यांत त्याला कात्री सापडत नव्हती.

कात्री हे मूळ दुखणं. नेलकटर, चिकटपट्टी, टॉर्च हे सगळे नंतर त्यात सामील झाले. लाल मुठीची साधी कात्री. कोपऱ्यावरच्या दुकानात तेवढी एकच जात मिळते. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्याने ती मागितली, आणि बायको कपाटात डोकं घालून म्हणाली, दुसऱ्या खणात. होती. त्यानंतर मात्र त्याने विचारायचं, तिने जागा सांगायची, त्याने जाऊन पाहायचं आणि कात्री नसायची. "नीट बघ." नीट बघितलं. "डोळे उघडून बघ." डोळे उघडेच होते. मग ती हात पुसत यायची आणि म्हणायची, "तू बाहेर थांब जरा. तू उभा असलास की मला दिसत नाही." तो बाहेर जायचा. आत जरा खुडबुड व्हायची. परत यावं तर कात्री तिच्या हातात. "ही काय? तुझ्या नाकासमोर होती." आणि हे ती रागाने म्हणत नसे. रागाने म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांना काय दिसत नाही ते समजुतीच्या स्वरात सांगायची तिला सवय. घरीही तोच स्वर. एकदा तिने त्यालाही दुकानात नेऊन त्या उंच खुर्चीवर बसवलं. त्याने तक्त्याची शेवटची ओळ वाचली, आणि तिच्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. तिने दिवा मालवला. "डोळे चोख आहेत," ती म्हणाली. त्याला कळलं, ही वाईट बातमी आहे. डोळे चोख, म्हणजे जे काही बिघडलंय ते डोळ्यांच्या मागे.

वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा, मग चाव्या, मग दोनांपैकी एकच बूट. घरात सगळे हसायचे, तेही हसायचे. एका दुपारी ते फ्रिज उघडून बराच वेळ उभे राहिले. काय शोधताय, म्हणून त्याने विचारलं. "तुझ्या आईला कुठे ठेवलंस?" ते म्हणाले. आई मागेच उभी होती, हातात त्यांच्या दुधाचा पेला. तिने पेला टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "अहो, मी इकडे." त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं, परक्या बाईकडे बघावं तितक्या सभ्यपणे, आणि फ्रिजचा खालचा कप्पा बघायला वाकले. तो तेव्हा एकतीस वर्षांचा होता आणि त्याला हसू आलं होतं. ते हसू अजून त्याच्या तोंडात कुठेतरी दातात अडकलेल्या धाग्यासारखं आहे. म्हणून प्रश्न कात्रीचा नव्हता, कार्डाचाही नव्हता. वडिलांचं झालं ते आपलं सुरू झालंय का, एवढाच प्रश्न होता, आणि गेली काही वर्षं तो रोज सकाळी मोजे शोधताना त्याला पडत होता. मोजे बिचारे निरागस. दोन मोज्यांच्या जागी एक मोजा मिळाला की माणसाच्या पाचावर धारण बसू शकते हे मोजे विणणाऱ्याला कुठून ठाऊक असणार.

आणि एक गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती. दोनदा, फक्त दोनदा, ती दुकानातून यायच्या आत त्याने कोपऱ्यावर जाऊन लाल मुठीची नवी कात्री आणली होती. नवी दिसू नये म्हणून त्या कात्रीने आधी एक पुठ्ठा कापला, मूठ जरा पायपुसण्यावर घासली आणि दुसऱ्या खणात मागे ठेवून दिली. ती आल्यावर सहज म्हणाला, "कात्री सापडली बरं का, होती तिथेच." ती "हो?" म्हणाली आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली. त्याला वाटलं, आपल्यावरचा तिचा विश्वास वाढतोय.

आता घरात तो एकटा आणि तिचं ते 'माहीत नाही'. त्याने ठरवलं की शोधायचं नाही. शोधणं हे बाहेरच्या माणसाचं काम. भांडारपाल शोधत नाही, मोजतो. आगारात वर्षातून एकदा सगळं उतरवून मोजायचा दिवस असतो, तसं त्याने घर काढलं. दाराच्या डाव्या हातापासून सुरुवात, खालून वर, एकही कप्पा सोडायचा नाही. दाराजवळच्या छत्र्यांच्या पिशवीत तीन कात्र्या निघाल्या, तिन्ही लाल मुठीच्या, तिन्ही कोऱ्या, कागदी वेष्टनात. त्या त्याने जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि त्यांच्याकडे बघत उभा राहिला. कार्ड शोधताना कात्री मिळावी यात काही नवल नव्हतं, ते या घराच्या स्वभावात बसत होतं. पण तीन? मग एक वॉशिंग मशीनच्या मागे, गंजलेली. एक सोफ्याच्या पोटात. एक पडद्याच्या पट्टीवर, तिथे ती का चढली असेल ते तिचं तिला ठाऊक. एक जुन्या बल्बांच्या खोक्यात, एक गादीखाली, आणि एक फ्रिजवर पावतीपुस्तकांच्या ढिगात. नऊ. नेलकटर सात. टॉर्च चार, त्यातला एक पेटलेलाच, बहुधा दोन-तीन दिवस. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला वाटत असेल, हे कुटुंब कात्र्या खातं.

आगारात एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, जुने भांडारपाल नव्याला तोंडी सांगतात: माल कमी निघाला तर घाबरू नये, जास्त निघाला तर घाबरावं. कमी म्हणजे काहीतरी पडलं, सांडलं, कुणी उचललं. जास्त म्हणजे कुणीतरी खोटं बोललंय. तो टेबलाशी बसला. मूळची एक. त्याच्या दोन. झाल्या तीन. टेबलावर नऊ.

दहावी आणि अकरावी माळ्यावर मिळाल्या, तिच्या जुन्या बुटांच्या खोक्यात. त्याने खोकं उघडलं आणि शिडीवरच बसला. दोन कात्र्या, तीन नेलकटर, चिकटपट्टीची चार रिळं, टॉर्च, त्याच्या नेहमीच्या रंगाचे मोज्यांचे दोन जोड. सगळं कोरं, ओळीत, हाताला चटकन लागेल असं. भांडार होतं ते. छोटं, पण लावणारा हात जाणता होता. बाहेर थांब जरा. तू उभा असलास की मला दिसत नाही.

त्याला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. ती कधीच काही शोधत नव्हती. तो बाहेर गेला की ती राखीव साठ्यातून एक काढत होती. म्हणजे दुसऱ्या खणात, मागे, कात्री नव्हतीच. एकोणीस वर्षं त्याला जिथे जे दिसलं नाही, ते तिथे नव्हतंच. त्याच्या डोळ्यांनी आणि डोळ्यांच्या मागे जे काही आहे त्याने कायम खरी नोंद दिली होती. त्याचा जीव भांड्यात पडला. पडल्याचा आवाजही त्याला ऐकू आला. शिडीवर बसल्या बसल्या त्याने आगारातल्या चौदाव्या मांडणीवरच्या वस्तू डावीकडून उजवीकडे म्हणून पाहिल्या. छत्तीसच्या छत्तीस आठवल्या. मग, हळूहळू, तळपायापासून राग चढायला लागला. एकोणीस वर्षं. ती उंच खुर्ची, तो तक्ता, ते 'डोळे चोख आहेत'. ते दोन महिने थांबणं. आपल्याला फ्रिज उघडायची भीती वाटते, पाण्याची बाटलीसुद्धा आपण हिलाच काढायला सांगतो, आणि ही माळ्यावर दुकान थाटून बसलीय.

ती तीनला आली तेव्हा जेवणाच्या टेबलावर अकरा कात्र्या ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येकीखाली कागदाचा कपटा, त्यावर जागा: सोफा, माळा, गादी. ती पर्स न काढता बघत राहिली.

"कार्ड मिळालं?"

"नाही. हे मिळालं."

तिची नजर माळ्यावरच्या दोन कात्र्यांवर थांबली. तिने खुर्ची ओढली.

"चहा घेतलास?"

"चहाचं राहू दे. नाकासमोर होती ना? एकोणीस वर्षं माझ्या नाकासमोर होती ना कात्री? कोणाचं नाक होतं ते?"

"ओरडू नकोस."

"ओरडत नाहीये. तुला माझ्या वडिलांचं माहीत होतं. मी कशाला घाबरतो ते माहीत होतं. तरी तू दरवेळी तोंड वर करून..."

"मग काय सांगायला हवं होतं?" तिने एक कात्री उचलली आणि परत त्याच कपट्यावर ठेवली. "पहिल्या आठवड्यात तू विचारलंस. मला या घरात येऊन चार दिवस झाले होते. कात्री घरात आहे की नाही हेही मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या खणात म्हणून ठोकून दिलं. दुर्दैवाने ती तिथे होती."

"दुर्दैवाने?"

"तू असा बघायला लागलास माझ्याकडे, जशी काही मी या घराची किल्लीच गिळलीय. मग रोजचं सुरू झालं. हे कुठंय, ते कुठंय. मला कसं माहीत असणार? मीपण नऊ तास बाहेर असते. पण माहीत नाही म्हटलं की तुझा चेहरा पडायचा. मग मी काहीतरी सांगायचे आणि आणून ठेवायचे."

"आज का म्हणालीस मग?"

"डॉक्टरचं कार्ड कोपऱ्यावर मिळत नाही," ती म्हणाली.

त्याला हसू यायला हवं होतं. ते आलंही, पण अर्ध्यावर थांबलं, कारण ती हसत नव्हती. ती गादीखालच्या कात्रीकडे बघत होती, जिची मूठ पायपुसण्यावर घासलेली होती.

"आणि तू रे? ही कुठली?"

त्याने तिच्याखालचा कपटा उगाच सरळ केला.

"ज्या खणात मी स्वतः दहा वेळा हात घातला, तिथे तुला सापडायची. होती तिथेच, म्हणायचास. दोनदा. मी रात्र रात्र जागी राहिलेय त्यावरून. म्हटलं, मी हात फिरवला होता की नव्हता? डोळे तपासून घेतले माझे, दुकानातल्या पोरीकडून. चोख आहेत."

"मग डॉक्टरकडे मला का पाठवत होतीस?"

"तुझं काय निघतंय ते बघून मग माझी वेळ घेणार होते."

वरच्या मजल्यावरच्या माणसाने काहीतरी ठोकायला सुरुवात केली. भरदुपारी त्याचं काय काम असतं कोण जाणे. दोघं ऐकत बसले. त्याचा राग अजून होता, पण त्याला ठेवायला जागा मिळत नव्हती. इकडे ठेवावा तर तिचं बरोबर, तिकडे ठेवावा तर त्याचंच पायपुसणं. शेवटी हाताला सवय होती ते त्याने केलं. मोजलं.

"मूळची एक. माझ्या दोन. तुझ्या किती?"

"पाच. तीन तुला दिल्या, दोन माळ्यावर."

"नक्की?"

"पाचही मला आठवतात. कुठल्या दिवशी आणल्या, कोणती साडी होती, सांगू?"

"आठ झाल्या. या तीन?" त्याने छत्र्यांच्या पिशवीतल्या तीन पुढे सरकवल्या.

"त्या तुझ्या असतील."

"माझ्या दोनच. दोन्ही मला आठवतात."

"मी छत्र्यांच्या पिशवीत कशाला ठेवीन?"

"मी तरी कशाला ठेवीन?"

"विसरला असशील."

"तू विसरली असशील."

हे दोघंही रागातच बोलले, आणि बोलून झाल्यावर त्यातला अर्थ टेबलावर येऊन बसला. घरात तिसरं कुणी नव्हतं. दुकानातून आपणहून चालत आल्या म्हणाव्यात तर त्या कात्र्या होत्या. तिघींवरची वेष्टनं सारखी मळलेली होती, आणि कुणीतरी त्या नीट ठेवल्या होत्या, मुठी एका बाजूला, टोकं एका बाजूला. असं तीही ठेवते. असं तोही ठेवतो. त्याने मनातल्या मनात कोपऱ्यावरच्या दुकानाची पायरी चढून पाहिली, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा चढताना पायरी दिसेना, पण दिसत नाही म्हणजे चढलोच नाही असं थोडंच असतं. आणलेलं आठवतं ते आठवतं. जे आठवत नाही ते आठवत नाही हे कळायला आधी ते आठवायला लागतं. ही गोष्ट इतकी हास्यास्पद होती की तिला सांगावीशी वाटली. त्याने वर पाहिलं. तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

"चल," ती म्हणाली. "सव्वातीन झाले. कार्ड नसलं तर नसलं."

बसमध्ये दोघं शेजारी बसली. मागच्या दाराचा खटखट आवाज येत होता. मांडणी सतरा, कप्पा चार, रबरी बुश, सहा शिल्लक. हे त्याच्या डोक्यात आपोआप आलं, आणि त्याला बरं वाटायच्या ऐवजी वाटलं की वडिलांनाही शेवटपर्यंत पाढे येत होते. एकोणतीसचासुद्धा. ती खिडकीबाहेरच्या पाट्या वाचत होती, अगदी बारीक अक्षरांतल्या, एकामागून एक, हलक्या आवाजात. सगळ्या बरोबर. त्याला एकदम तिचा संताप आला, आपल्या शेजारी बसून बाई स्वतःची परीक्षा घेतेय आणि आपल्याला विचारतसुद्धा नाही म्हणून; आणि मग ध्यानात आलं की आपण तरी त्या बुशचं तिला कुठे सांगितलं. तिला काय भीती वाटते ते एकोणीस वर्षांत त्याने विचारलं नव्हतं. त्याने तिला फक्त वस्तूच विचारल्या होत्या.

दवाखान्यात पहिल्या मजल्यावर काउंटरच्या मागे एक जाडजूड बाई वहीत रेघा आखत होती. त्याने घसा साफ केला.

"साडेचारची वेळ आहे. कार्ड आणायचं होतं, पण ते..."

"हरवलं," ती मान वर न करता म्हणाली. "सगळ्यांचंच हरवतं. कार्ड घेऊन कुणी आलाच, तर डॉक्टर त्याला तसंच घरी पाठवतात. पेशंट कोण?"

दुपारभर त्याने एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. माझं डोकं शाबूत आहे, पुरावा माळ्यावर आहे, असं काहीसं. ते त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. शेजारी बायको उभी होती, पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरून, आणि अशा चेहऱ्याने समोर बघत होती की आता कुणीतरी तिला काहीतरी विचारणार आणि ते तिला सांगता येणार नाही.

"मी," तो म्हणाला.

"मी," तीही म्हणाली, त्याच क्षणी, त्याच्या आवाजावर.

बाईने रेघ पुरी केली, पेन ठेवलं आणि पहिल्यांदाच दोघांकडे पाहिलं.

"अहो, एक काय ते ठरवा," ती म्हणाली, "मागे रांग आहे."

पण दोघांपैकी मागे सरकायला कुणीच तयार नव्हतं.